विकायला हरकत नाही

पर्थ, मंगळवार

प्रिय ताता,

मागचं पत्र मी तुला ‘प्रिय भागधारक’ अशी सुरुवात करून पाठवलं होतं. खिडकीचं पाकीट, वर कंपनीचा शिक्का, आत वकिली भाषेतली दोन पानं. त्या दिवशी अशी पाकिटं बरीच निघाली. बाकीची ऑफिसातल्या मुलींनी भरली. तुझं, यूरेकाकांचं आणि फ्रानेकाकांचं मात्र मी स्वतः भरलं. तुझ्या पाकिटात एक चिठ्ठी सरकवावी असं फार वाटलं होतं. पण वकिलाने बजावून ठेवलं होतं की सगळ्यांना एकच मजकूर गेला पाहिजे, कोणाला एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. मी नियम पाळला. नियम पाळण्याची मला तेव्हा मोठी हौस आली होती. ती आधी आली असती तर ते पत्र पाठवायची वेळच आली नसती.

इकडे जॅकरांडा फुलला आहे, फुटपाथ निळा झाला आहे. तू दिलेल्या लिंबाच्या फांदीला कुंडीत पहिली कळी आली होती, वाऱ्याने पाडली. माझी तब्येत बरी आहे. तुझा खोकला कसा आहे, हे मी गेले दोन महिने विचारलेलं नाही. दर रविवारी फोन केला, पण तू चर्चला गेलेला असशील ती वेळ साधून. तुझ्या फोनच्या यंत्रावर निरोप ठेवायचा, ‘ताता, मी वेस्ना, सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस,’ आणि फोन ठेवून द्यायचा. तुझ्या ते लक्षात आलं असणार. तू काही बोलला नाहीस. आपल्या घरात बोलायचं काम आई करायची, आणि ती गेल्यापासून आपण दोघं एकमेकांसाठी निरोपच ठेवत आलो आहोत.

आज मात्र सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला यातलं बरंच ठाऊक आहे, तरी लिहिते. का, ते शेवटी कळेल.

तुम्हा तिघांचा तो खाणपट्टा मला माझ्या खोलीइतका आठवतो. चार कोपऱ्यांना चार खुंट, मध्ये पांढऱ्या गारगोटीची टेकडी, आणि तिच्या सावलीत बसून डबा खाणारे तुम्ही. शनिवार आला की निघायचात. पाणी नाही म्हणून वाऱ्यावरच माती पाखडायची, संध्याकाळी लाल धुळीने माखून परत यायचं आणि आईने विचारलं, ‘सापडलं का काही?’ की यूरेकाकांनी म्हणायचं, ‘सापडली ना, भूक सापडली.’ सोनं मिळायचं ते लग्नातल्या अंगठीपुरतं. पण तो पट्टा तुम्ही सोडला नाहीत. दरवर्षी नूतनीकरणाला खाण-निबंधकाच्या खिडकीशी मला घेऊन जायचास, कारण इंग्रजी कागद मी वाचायचे. माझी हनुवटी काउंटरपर्यंत जेमतेम पोचायची. मी वाचून दाखवायचे, तू ऐकल्यासारखं करायचास आणि विचारायचास, ‘सही कुठे?’ मी बोट ठेवायचे, तू सही करायचास. कधी एकदाही विचारलं नाहीस की वेस्ना, तुला नक्की कळलंय ना.

मग आमची कंपनी आली. शेजारच्या जमिनीत तिने सोन्याच्या शोधात बोअर मारले होते आणि तुमची टेकडी तिला हवी होती. आमचे वरिष्ठ क्रॉलीसाहेब स्वतः बोल्डरला आपल्या घरी आले, स्वयंपाकघरात बसले, ब्लित्वाची पालेभाजी दोनदा मागून घेतली. रोख पैसे घ्या किंवा कंपनीचे शेअर घ्या, म्हणाले. फ्रानेकाकांना रोख हवे होते. यूरेकाका म्हणाले, ‘शेअर म्हणजे काय रे स्तीपे? चाटायचं की चघळायचं?’ आणि तू म्हणालास, ‘माझी वेस्ना तिथे कंपनी सेक्रेटरी आहे. तिथला प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जातो.’ तेवढ्यावर दोघं शेअर घ्यायला तयार झाले. मी त्या वेळी भांडी विसळत होते. मला अभिमान वाटला, ताता. तो अभिमान आता आठवला की मान खाली जाते.

आता माझी चूक सांगते, अगदी सोप्या शब्दांत. कंपनी जेव्हा नवे शेअर काढून कोणाला देते, तेव्हा घेणाऱ्याने ते वर्षभर विकायचे नसतात. त्याला एक पळवाट आहे, रीतसर. कंपनीने ताबडतोब एक पानाचं निवेदन शेअर बाजाराला द्यायचं: आमचे सगळे हिशेब उघड आहेत, लपवलेलं काही नाही. ते दिलं की घेणारा दुसऱ्या दिवशीही विकू शकतो. पर्थमधल्या आमच्यासारख्या सगळ्या लहान कंपन्या त्याच एका पानावर जगतात. आम्हाला ते तोंडपाठ असतं. मागच्या वेळचं उघडायचं, तारीख बदलायची, आकडा बदलायचा, पाठवायचं. पण ज्या कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री गेल्या वर्षात जास्त दिवस बंद ठेवलेली असेल, तिला ही सवलत नसते. तिने पूर्ण माहितीपत्रक छापायचं, वकील लावायचे, महिना घालवायचा. आमची विक्री त्या हिवाळ्यात बंद होती. बोअरचे निकाल कसे मांडायचे यावर क्रॉलीसाहेब आणि भूगर्भतज्ज्ञ भांडत बसले होते, तोवर खरेदी-विक्री थांबवा, अशी विनंती बाजाराला करावी लागली. ती विनंती कोणी केली? मीच केली. सही माझी. आणि थोड्याच महिन्यांनी तुमचे शेअर निघाले तेव्हा मी मागच्या वेळचं पान उघडलं, तारीख बदलली, आकडा बदलला, पाठवून दिलं.

मग तुला फोन केला. तू विचारलंस, ‘आता काय करायचं?’ मी म्हणाले, ‘काही नाही ताता. हवे तर ठेव, हवे तर विक. विकायला हरकत नाही.’

तू विकलेस. तू म्हटल्यावर त्या दोघांनीही विकले. फ्रानेकाकांनी नातीचं लग्न केलं. यूरेकाकांनी खुब्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. तू आईच्या थडग्यावर संगमरवर बसवलास, तिच्या गावच्या दगडाच्या रंगाचा.

चूक सापडली ती दुसऱ्याच कामात. नवा वकील जुनी कागदपत्रं चाळत होता, त्याने सहज विचारलं, ‘तुमची खरेदी-विक्री बंद होती ती केव्हा?’ मला त्याच क्षणी कळलं. प्रश्न पुरता व्हायच्या आधी. आणि मी काय केलं, तर ‘बघून सांगते’ म्हणाले आणि जेवायला गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून सँडविच घेतलं, बाकावर बसून सगळं खाल्लं, कागदाचा बोळा नीट कचऱ्यात टाकला. परत येऊन मग सांगितलं. तेवढा वेळ जगात ती चूक फक्त मला माहीत होती, आणि मी भूक लागली म्हणून जेवले. असं आपल्याबद्दल कळणं बरं नसतं.

क्रॉलीसाहेब रागावले नाहीत. हसले. ‘अगं, वेस्ट पर्थमध्ये ज्या कंपनीला यासाठी एकदा तरी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, अशी दाखव मला.’ वकिलानेही तेच सांगितलं. असे शेअर निघाले की कंपनीने कोर्टाकडे जायचं, चूक कबूल करायची, आणि कोर्ट झालेले व्यवहार मागच्या तारखेपासून कायदेशीर ठरवतं. अट दोनच: चूक प्रामाणिक हवी, आणि कोणाचं नुकसान झालेलं नसावं. म्हणून तर ती पाकिटं. तुम्ही केलेली विक्री कायद्याच्या विरुद्ध असू शकते, कोर्टात अर्ज केला आहे, कोणाची हरकत असेल तर अमुक दिवशी हजर राहावं. आमच्या दृष्टीने नेहमीची पत्रं. बोल्डरमध्ये आयुष्यभर खाणीत राबलेल्या, पोलिसांच्या वहीत कधी नाव न गेलेल्या माणसाच्या हातात ते पत्र पडल्यावर त्याला काय वाटेल, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही. मला करायला हवा होता. तू मला फोनवर एकच विचारलंस, ‘वेस्ना, आईचा दगड काढावा लागेल का?’ मी म्हणाले, ‘छे छे ताता, तांत्रिक बाब आहे.’ तांत्रिक. कोणाची चूक, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तू ओळखलंस, हे मात्र मला तुझ्या श्वासावरून कळलं होतं.

मी प्रतिज्ञापत्र केलं. त्यात सगळं खरं लिहिलं. वकील खुशीत होता. म्हणाला, ‘जजना अशीच चूक आवडते. मूर्खपणा आहे, पाप नाही.’ कोर्टात मी दुसऱ्या रांगेत बसले होते. शिपाई बाहेर जाऊन आमच्या कंपनीचं नाव पुकारून आला, कोणी हरकत घ्यायला आलंय का म्हणून. एकदा, दोनदा, तीनदा. लांब रिकामा कॉरिडॉर, त्यात ते नाव घुमत होतं. मला क्षणभर वाटलं, दार उघडेल आणि चर्चला घालतोस तो काळा कोट घालून तू आत येशील. कोणी आलं नाही. जजबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, सेक्रेटरीने काही न लपवता सांगितलं आहे. चूक प्रामाणिक आहे. कोणाचंही नुकसान झाल्याचं दिसत नाही. झालं. बाहेर पाऊल ठेवलं तेव्हा बरोबरच्या माणसाची कॉफी अजून गरम होती. नंतर सगळे जेवायला गेलो. क्रॉलीसाहेबांनी पेला उंचावला, ‘वेस्नाच्या प्रामाणिकपणाला!’ आणि सगळे हसले, मीही हसले. मी कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच तुला फोन केला होता. तू म्हणालास, ‘छान झालं, पोरी.’ आवाज असा, की मी परीक्षेत पास झाल्याचं सांगावं आणि त्याच वेळी घरात कोणी आजारी असावं.

आठवड्याभराने स्लावित्सामावशीचा फोन आला. बोल्डरच्या आपल्या लोकांच्या क्लबच्या स्वयंपाकघरातून, मागे पातेल्यांचा आवाज. नमस्कार-चमत्कार काही नाही. ‘बाई गं, तुझी कोर्टं तिकडे काय जिंकायची ती जिंकू देत. इकडे क्लबच्या अंगणात जोडीने खेळायचे गोळे तुझा बाप एकटा टाकतोय.’ मला कळेना. ‘एकटा म्हणजे?’ ‘एकटा म्हणजे एकटा. स्वतः टाकतो, स्वतः उचलून आणतो. फ्राने त्याच्याशी बोलत नाही, यूरे त्याच्या टेबलावर बसत नाही.’ मग तिने सांगितलं. ती पाकिटं आली त्या रविवारी फ्रानेकाका कागद हातात घेऊन तुझ्यासमोर उभे राहिले होते, सगळ्या क्लबसमोर. ‘स्तीपे, आपण चोर आहोत का? कोणी सांगितलं होतं विका म्हणून?’ आणि तू ताटातून मान वर न करता म्हणालास, ‘वेस्नाने वर्षभर थांबायला सांगितलं होतं. मीच तुम्हाला बोललो नाही. मला दगडाची घाई होती.’

स्लावित्सामावशी म्हणाली, ‘त्यांनी विश्वास ठेवला. मी नाही ठेवला. तुझा बाप तुला विचारल्याशिवाय डॉक्टर बदलत नाही.’

आणि यूरेकाकांनी ऑपरेशन रद्द केलं. पैसे बँकेत वेगळे ठेवून दिले, काठी घेतली. ‘ज्या पैशावर कोर्टाचा कागद आला, त्याने मी हाड बसवून घेणार नाही. उद्या हाड परत मागायला येतील.’ आता कोर्टाने सगळं कायदेशीर ठरवलं, तो निकालही मी तिघांना पाठवला, तर म्हणाले, ‘एक इंग्रजी कागद म्हणतो चोरी, दुसरा इंग्रजी कागद म्हणतो चोरी नाही. तिसरा येईपर्यंत थांबू.’ चर्चच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना आता दोन माणसं लागतात, असं मावशी म्हणाली. जजबाई म्हणाल्या होत्या, कोणाचंही नुकसान झालेलं नाही. त्या चुकीचं बोलल्या नाहीत, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी फोन करायचे तेव्हा घरी कोणी नसायचं.

त्या संध्याकाळी मी तुला पुन्हा फोन केला. या वेळी तू घरी असशील अशा वेळेला. विचारलं, असं का केलंस. तू म्हणालास, ‘तुझी नोकरी आहे, तुझं नाव आहे. माझं काय, म्हाताऱ्याचं. मी बोल्डरच्या धुळीतला, आणखी थोडी धूळ बसली तर कोणाला दिसतेय?’ मी रडले. म्हणाले, मी येते, सगळ्यांना सांगते. तू म्हणालास, ‘काही नको. फ्रानेचा राग नाताळपर्यंत उतरेल. मी सांगितलंय ते तसंच राहू दे.’ आणि मी म्हणाले, ‘बरं.’

ताता, त्या ‘बरं’ची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. शेअरची चूक झाली, ती हातून झाली. सँडविच खाल्लं ते घाबरून. पण ‘बरं’ म्हणताना मी घाबरलेली नव्हते. फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. चहा केला. खिडकीपाशी उभी राहून प्यायले. जे कोर्टात परक्या माणसांसमोर शपथेवर सांगितलं, ते आपल्या माणसांसमोर सांगायचं नाही, याचं मला बरं वाटलं. कारण कोर्टातल्या त्या बाईंनी मला लहानपणी खांद्यावर बसवलं नव्हतं. यूरेकाकांनी बसवलं होतं, तो आता दुखतो त्याच खुब्याच्या बाजूला. त्यांच्यासमोर चुकलेली सेक्रेटरी होणं मला जमलं नसतं, म्हणून मी तुला खोटा होऊ दिलं. असे पंधरा दिवस गेले.

आज ऑफिसात क्रॉलीसाहेबांनी नवी फाईल टेबलावर ठेवली, पुन्हा नवे शेअर काढायचेत. मी निवेदनाचं मागचं पान उघडलं आणि त्यावरचं वाक्य वाचलं, लपवलेलं काही नाही. इतक्या वेळा पाठवलं, पण आज ते वाचता येईना. संगणक बंद केला, घरी आले आणि हे लिहायला बसले.

मी हे पत्र तुझ्या घरी का नाही पाठवलं, ते आतापर्यंत तुला कळलं असेल. पाकिटावर क्लबचा पत्ता आहे. आपल्या लोकांची ही रीत फार जुनी, लाकूडतोड्यांच्या छावणीतली: गावाकडून कोणालाही पत्र आलं तरी वाचता येणारा एकच असायचा, म्हणून ते जेवणाआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. ती छावणी गेली, पण क्लबच्या पत्त्यावर आलेलं पत्र रविवारी टेबलावर वाचायचं, हे अजून कोणी मोडलेलं नाही. कित्येक वर्षांत असं पत्र आलंही नसेल. तेव्हा हे तू वाचत नाहीयेस, ऐकतो आहेस, आणि तुझ्याबरोबर सगळे. स्लावित्सामावशी, तुझं नाव आलं तिथे तू एखादी ओळ गाळली असशील, तर मागे जाऊन वाच. फ्रानेकाका, ताताने तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं. विकायला मी सांगितलं होतं, आणि चोर तुमच्यात कोणीच नाही. यूरेकाका, तुम्ही तिसऱ्या कागदाची वाट बघत होतात ना, तो हा. आपल्या भाषेत आहे आणि माझ्या हातचा आहे. पैसा तुमचा आहे. उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करून तारीख मागा. मी पुढच्या रविवारी जेवायला येते. मला कोणाशेजारी बसवायचं, की बसवायचंच नाही, ते तुम्ही ठरवा. आणि ताता, तू आत्ता मावशीच्या हातातून कागद काढून घ्यायला उठला असशील, मला माहीत आहे. खाली बस. वाचू दे तिला.

तुझीच, यावेळी सगळ्यांसमोर,
वेस्ना